कंबर, पाठ आणि कोअर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नवरात्रीला दोन-अडीच महिने उरले की बडोद्याच्या पत्रांत कंबरेच्या तक्रारी वाढतात. या खेपेला जवळपास प्रत्येक पत्रात ‘कोअर’, म्हणजे धड सांभाळणारे स्नायू, आहे, आणि बहुतेकांनी तो पोट सपाट करण्याशी जोडला आहे. पोट उतरवण्यासाठी केलेला व्यायाम कंबर सांभाळतोच असे नाही; काही वेळा तोच तिला बिघडवतो. पहिल्या पत्रात नेमके तेच दिसते, म्हणून त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची, बँकेत नोकरी. नवरात्रीत नऊही रात्री गरबा खेळते. गेल्या वर्षी चौथ्या रात्री कंबरेत उसण भरली आणि पुढच्या पाच रात्री खुर्चीवर बसून गेल्या. डॉक्टर म्हणाले, हाडांत काही नाही, कोअर कमकुवत आहे. आता रोज शंभर क्रंचेस (उताणे झोपून डोके-खांदे उचलणे) करते. पुरेसे आहे ना?
(एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : क्रंचेस आजपासून बंद करा.

गरब्यात टाळी देताना आपण पुढे झुकतो आणि त्याच वेळी धड एका बाजूला वळते. मणक्यांमधली गादी वाकणे सोसते, वळणेही सोसते. पण वाकलेल्या स्थितीत वळणे, तेही तास-दोन तास, तिला जड जाते. शिवाय फेरा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे एका कुशीचे स्नायू दुसरीच्या आधी दमतात. स्नायू दमले की त्यांचा भार मणके बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर आणि गादीवर जातो. तुमची कंबर पहिल्या रात्री नाही, चौथ्या रात्री गेली. म्हणजे ताकद होती, दम पुरला नाही. कोअरचा व्यायाम दम वाढवण्यासाठी करायचा, तोही कंबर जागची न हलवता.

कोअरमध्ये पोटाचे सगळे थर येतात. त्यांतला सर्वांत आतला आडवा स्नायू पट्ट्यासारखा धडाभोवती असतो. मागे मणक्यांना लागून असलेले छोटे स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ. जोडीला नितंबांचे स्नायू. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवले की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याआधीच हा आतला स्नायू आवळलेला असतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजमापांत गुडघे वाकवून केलेल्या एका सिट-अपला (उताणे झोपून पूर्ण उठून बसणे) कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे ३३० किलोंहून जास्त वजनाइतका. क्रंच त्याहून सौम्य, हे खरे. पण तुम्ही तो शंभर वेळा करता, आणि दिवसभर खुर्चीत वाकलेली कंबर संध्याकाळी पुन्हा वाकवता. अमेरिकी लष्कराच्या चाचणीतूनही सिट-अप गेले. २०२२ पासून तिथे पोटासाठी प्लँकच (कोपरे आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणे) आहे.

आधी पोट आवळायला शिका. उताणे झोपा, गुडघे उभे. कंबरेच्या पुढच्या हाडांपासून दोन बोटे आत बोटांची टोके ठेवा आणि हलके खोका. बोटांखाली जे घट्ट झाले ते आता न खोकता घट्ट करा, दहातले दोन-तीन भागच. पोट आत ओढायचे नाही, श्वास थांबवायचा नाही. त्याच स्थितीत एक ते दहा मोठ्याने म्हणा. आवाज अडखळला तर तुम्ही जास्त आवळले आहे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचे सगळे चुकते.

मग मॅकगिल यांचे तीन व्यायाम. पहिला कर्ल-अप : एक गुडघा उभा, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली. पोट आवळून डोके आणि खांदे जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरच उचला. मान पुढे ओढली गेली किंवा तळहातांवरचा दाब बदलला तर कंबर हलली असे समजा. दुसरा साइड प्लँक : कोपर बरोबर खांद्याखाली, गुडघे वाकवलेले, कंबर उचलून खांदा, खुबा, गुडघा एका रेषेत. खुबा मागे पडणे ही इथली नेहमीची चूक. महिनाभराने पाय सरळ करून करा. तिसरा बर्ड-डॉग : हातापायांवर ओणवे होऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवा, मग उलट. पाय खुब्याच्या उंचीपर्यंतच. त्याहून वर गेला की कंबरेत खळगा पडतो. स्टीलच्या वाटीत अर्धी वाटी पाणी घेऊन ती कंबरेवर ठेवा. सांडले तर काय चुकले ते आरशाविना कळेल.

प्रत्येक स्थिती दहा सेकंद. आवळलेल्या स्नायूत रक्त कमी पोचते, म्हणून मध्ये सोडायचे आणि पुन्हा धरायचे. आधी सहा वेळा, अर्धा मिनिट विसावा, मग चार वेळा, मग दोन वेळा. बाजू असेल तिथे दोन्हीकडे तितकेच. सोपे वाटू लागले की आठ-सहा-चार करा, सेकंद वाढवू नका. यांना जोड म्हणून सेतुबंध (उताणे झोपून, गुडघे उभे करून नितंब उचलणे) दहा वेळा, पाच-पाच सेकंद. मांडीच्या मागे पेटका आला तर टाचा नितंबांच्या जवळ घ्या, म्हणजे काम नितंबांकडे जाईल. पंधरा-वीस मिनिटांत सगळे होते, रोज करा.

पाचव्या आठवड्यापासून उभ्याने. रबरी बँड खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर बांधा, गजाला कूस करून उभ्या राहा, बँड दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि हात सरळ पुढे न्या. बँड तुम्हाला गजाकडे वळवू पाहील, वळू नका. पाच सेकंद, आठ वेळा, दोन्ही बाजू. गरब्यासाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर आम्ही हा निवडू. त्यानंतर पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन एका हातात घेऊन ३० पावले सरळ चाला, मग दुसऱ्या हातात.

शेवटचे तीन आठवडे गरब्याचीच सवय : एक दिवस आड २० मिनिटे, मग ४०, मग ६०. टाळीसाठी कंबरेतून न वाकता खुब्यातून वाका. ते जमते का हे पाहायला काठी पाठीला लावून धरा. ती डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली असताना नितंब मागे नेत वाकायचे. एक जरी जागा सुटली तरी कंबर वाकली. मैदानावर दर अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटे फेऱ्याबाहेर चाला. जड चणियाची नाडी एका बाजूला आवळून बांधू नका, नाहीतर सगळा भार त्याच कुशीवर येतो.

सकाळचेही पाहा. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठताना आपण सेंटीमीटरभर उंच असतो, आणि ही वाढ निम्म्याहून जास्त पहिल्या तासातच उतरते. त्या तासात फुगलेल्या गादीला वाकणे झेपत नाही. गरब्याच्या दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या फरशी पुसायला, बादली उचलायला किंवा सूर्यनमस्कारांना जाऊ नका. तासभर हिंडा-फिरा, मग काय ते करा.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, बीपीची गोळी चालू आहे. पत्नी ६८ वर्षांची. हाडांच्या तपासणीत तिचा टी-स्कोअर उणे २.८ आला. आम्ही रोज कमाटीबागेत चालतो, मग गटाबरोबर पश्चिमोत्तानासन, हलासन वगैरे. मुलगी म्हणते आता कोअरचे काहीतरी करा. या वयात?
(एक काका, रावपुरा)

उत्तर : काका, वयाचा प्रश्नच नाही; स्नायू सत्तरीतही व्यायामाला प्रतिसाद देतात. काळजी वाटते ती काकूंच्या आसनांची. उणे २.५ च्या खाली टी-स्कोअर म्हणजे हाडे ठिसूळ झाली. अशा मणक्याची पुढची बाजू पुढे वाकताना दबते आणि चेपू शकते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये ठिसूळ हाडांच्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणणारे व्यायाम केलेल्यांत १६ टक्क्यांचे मणके नव्याने चेपले, पुढे वाकणारे केलेल्यांत ८९ टक्क्यांचे. पाहणी लहान होती, पण फरक केवढा ते बघा. तेव्हा पश्चिमोत्तानासन, हलासन आणि उभ्याने पायाचे अंगठे धरणे काकूंनी सोडावे. गटातले कुणी ‘हळूहळू करा, काही होत नाही’ म्हणाले तरी.

त्याऐवजी स्वयंपाकघरातला ओटा वापरा. दोन्ही तळहात ओट्याच्या कडेवर, पाय मागे, डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेषा. पाच ते आठ सेकंद, पाच वेळा. ओटा ओला नको, पायात मोजे नकोत. मग पालथे झोपून पोटाखाली पातळ उशी, हात अंगालगत, छाती जमिनीपासून जेमतेम दोन बोटे वर; पाच सेकंद, आठ वेळा. मान वर ताणायची नाही, नजर जमिनीकडे. जमिनीवरून उठणे अवघड असेल तर हेच पलंगावर. तिसरे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे आठ वेळा, बसताना सावकाश तीन आकडे मोजत. चौथे, ओट्याजवळ एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा ते तीस सेकंद उभे राहणे. या चारांत पडणे टाळायला शेवटचे दोनच जास्त उपयोगी, आणि लोक नेमके तेच कंटाळून सोडतात.

खोकला किंवा शिंक आली की काकूंनी एक हात भिंतीला किंवा मांडीवर टेकवावा, पाठ सरळ ठेवावी. नातवंडाला जमिनीवरून उचलू नये. आधी खुर्चीवर चढू द्यावे.

तुमच्यासाठी एवढेच : श्वास धरून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो. जोर लावताना श्वास सोडा, जोर लावायची कुठलीही स्थिती पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त नको. ज्या दिवशी दाब १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नको. डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. दीड महिन्यापासून कंबरेत डाव्या बाजूला दुखते, गोलंदाजीनंतर जास्त. प्रशिक्षक म्हणतात कोअर वाढवा, थांबेल. काय करावे?
(एक पालक, गोत्री)

उत्तर : आधी गोलंदाजी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कोअर नंतर.

वाढत्या वयातला वेगवान गोलंदाज, हाताच्या विरुद्ध बाजूला दुखणे, मागे झुकल्यावर वाढणे : हे कमरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीला तडा जाण्याचे ठरलेले चित्र आहे. चेंडू सोडताना कणा मागे आणि बाजूला एकदम वाकतो, तेव्हा तिथली कोवळी हाडे एकमेकांवर आदळतात. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणून ‘एक्स-रे ठीक आहे, खेळ’ हे उत्तर मान्य करू नका. तडा निघाला तर गोलंदाजी काही महिने बंद. वेळेवर थांबलेल्यांचा बहुतेकदा भरून येतो.

बडोद्याच्याच हार्दिक पंड्याला २०१८ च्या आशिया चषकात स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले आणि २०१९ मध्ये कंबरेची शस्त्रक्रिया करावी लागली. पोलादी अंगाच्या, सगळ्या सोयी हाताशी असलेल्या खेळाडूची ही गत. चौदा वर्षांच्या मुलाला कोअर वाढवून षटके पेलता येतील ही कल्पनाच चुकीची. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १४-१५ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला एका वेळी सहा आणि दिवसात बारा षटकांची मर्यादा घातली होती. नेटमधले चेंडूही त्यात धरा. घोळ बहुधा तिथेच होतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की वरचे साइड प्लँक आणि बर्ड-डॉग, आणि एका पायावरचा सेतुबंध; आठवड्यातून चार दिवस. डाव्या-उजव्या बाजूंत फरक दिसला तर कच्च्या बाजूने एक फेरी जास्त. जाता जाता दप्तर तराजूवर ठेवून बघा : २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको.

प्रश्न : सिझेरियनला दहा आठवडे झाले. सासूबाई पोट घट्ट बांधायला सांगतात, मैत्रीण प्लँक सुरू कर म्हणते. उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो. कुणाचे ऐकू?
(एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : सासूबाईंचे थोडे, मैत्रिणीचे अजून नाही. पट्ट्याने पहिल्या काही आठवड्यांत टाक्यांना आणि कंबरेला आधार वाटतो, पण स्नायूंमधली फट तो मिटवत नाही. फार घट्ट बांधला तर पोटातला दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो, आणि खोकताना लघवीचा थेंब सुटणे वाढते.

उंचवटा म्हणजे पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली जागा ताणलेली आहे. उताण्या झोपून, गुडघे उभे करून डोके किंचित उचला आणि नाभीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवून चाचपा. दोन बोटांहून जास्त जागा असेल आणि बोटे खोल जात असतील तर फिजिओथेरपिस्टना दाखवा. तोवर क्रंच, प्लँक आणि दोन्ही पाय एकदम उचलणे बंद. टाके तपासून डॉक्टरांनी होकार दिला की श्वासापासून सुरू करा : श्वास सोडताना लघवी रोखल्यासारखा तळ वर उचला, पाच सेकंद धरा, पूर्ण सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव नको. पंधरा दिवसांनी तसेच आवळून एक टाच जमिनीवरून सरकवत पाय सरळ करा आणि परत आणा. उंचवटा दिसला की ती पायरी अजून जड आहे; मागच्या पायरीवर जा. पलंगावरून उठताना नेहमी कुशीवर वळून, हातांनी रेटून.

प्रश्न : मकरपुऱ्यात कारखान्यात पेट्या चढवतो, एकेक २० किलोची. कंबरेला रुंद पट्टा बांधला तर दिवसभर सुरक्षित ना?
(एक वाचक, मकरपुरा)

उत्तर : नाही. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये सगळे पुरावे पाहून सांगितले की दुखापत नसलेल्या कामगाराला पट्टा वाचवतो असे दिसत नाही. उलट पट्टा बांधलेला माणूस जास्त उचलायला धजावतो. त्याच संस्थेच्या सूत्रात वजन घोट्यांपासून २५ सेंटीमीटरवर असेल आणि बाकी सगळे सोयीचे असेल तर २३ किलो चालतात. ५० सेंटीमीटरवर ही मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. म्हणजे तुमची २० किलोची पेटी अंगाशी धरली तर बसते, हात लांबवून धरली तर बसत नाही. तेव्हा पेटी आधी ओढून पोटाशी आणा, पोट आवळा, खुब्यातून वाका, आणि वळताना धड न पिळता पावले टाका. जेवणाच्या सुट्टीनंतर किंवा टेम्पोत तासभर बसून उतरल्यावर पहिली पेटी लगेच उचलू नका. दोन-तीन मिनिटे चाला, कारण बसून अस्थिबंध सैल पडलेले असतात.

घरच्या गॅसच्या बाटल्यालाही हेच. १४.२ किलो गॅस आणि लोखंड मिळून ३० किलोंच्या आसपास भरतात. तो उचलू नका, तिरपा करून खालच्या कडेवर फिरवत न्या.

प्रश्न : मी २१ वर्षांचा. प्लँक पाच मिनिटे टिकतो. दहापर्यंत नेऊ का?
(एक विद्यार्थी, फतेहगंज)

उत्तर : नको. दोन मिनिटांपुढे तू कोअर नाही, खांदे आणि चिकाटी तपासतोस, आणि शेवटी कंबर खाली झोळ खाते. प्रकार बदल : दहा सेकंद पूर्ण जोराने, नितंब आवळून, कोपरे पायांकडे ओढत; दहा वेळा. आणि जुम्मादादा-माणिकराव या बडोद्याच्या व्यायामगुरूंच्या आखाड्यांच्या गावात राहतोस, तर मल्लखांब शिकायची सोय बघ. तिथे धड सगळीकडून सांभाळावे लागते. जमिनीवरच्या प्लँकने तेवढे साधत नाही.

प्रश्न : कंबरेबरोबर उजव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात. व्यायाम चालू ठेवू?
(एक वाचक, वाघोडिया रोड)

उत्तर : व्यायाम केल्यावर मुंग्या पायाच्या खालच्या भागातून वर सरकत कंबरेकडे येत असतील तर चालू ठेवा, खाली पावलाकडे उतरत असतील तर थांबवा आणि तपासून घ्या. पाऊल उचलताना लुळे पडत असेल, रात्री पडून असतानाही दुखत असेल, ताप किंवा विनाकारण वजन घटणे असेल, तर घरगुती व्यायामाचा विचार सोडा आणि आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा.